पश्चिमेकडे कललेला डोंगर

सर दगड आधी चाटायचे आणि मग बघायचे.

हे मी कौतुकानं सांगत नाही आणि थट्टेनंही नाही. तसं होतं, एवढंच. तुमच्याही शेजारी कधीतरी असा माणूस राहिला असेल, ज्याच्याबद्दल पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. आमच्या गिरगावातल्या चाळीत आम्ही पाहुण्यांना सांगत असू, "शेजारचे कॉलेजात शिकवतात. जिन्यात बसून काही चाटताना दिसले तर घाबरू नका."

ते नवीन राहायला आले त्या दिवशी माझी बायको पाण्याची कळशी घेऊन गॅलरीतून आली आणि म्हणाली, "शेजारी एकटेच गृहस्थ आलेत. उपाशी असावेत. दगड चाटतायत." तिनं लगेच पोहे करून पाठवले. सरांनी ते खाल्ले, बशी धुऊन परत आणून दिली आणि दारात उभं राहूनच खुलासा केला.

"कोरड्या दगडावर धूळ असते. ओला केला की आतले कण दिसतात."

"पाण्यानं होत नाही का ओला?" बायकोनं विचारलं.

"होतो की. पण डोंगरावर पाणी कुठं शोधणार? मग सवयच लागली."

बायकोला हे पटलं. तिला एकदा एखादं कारण पटलं की ती पुढं त्या माणसाची बाजू घेते. त्यानंतर चाळीत कुणी सरांना हसलं की ती म्हणे, "डोंगरावर नळ असतात का?"

सर एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. मूळचे देवगडकडचे, माणूस एकटा, वय चाळिशीच्या आसपास. अंगात खाकी हाफपँट आणि पांढरा सदरा, खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत हातोडा. आवाज असा की दूधवाल्याशी बोलताहेत की ज्वालामुखीबद्दल, हे नुसत्या सुरावरून कळू नये. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बाकी सगळे दगड. खोली भरल्यावर दगड गॅलरीत आले. बायकोनं एकदा सांगितलं, "सर, हे जरा बाजूला घ्या, पापड घालायचेत." सरांनी दगड भिंतीकडं सरकवले. पापडांना एका बाजूनं वारा लागू नये म्हणून त्यातलेच चार कडेला ठेवून दिले. पुढं दर वर्षी ते चार दगड पापडांसाठी राखीव झाले.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कशाचंही वय विचारलं की म्हणायचे, "तसं अलीकडचंच आहे." हा काळा दगड केव्हाचा? तसा अलीकडचाच. म्हणजे किती? काही कोटी वर्षं. हे सांगताना ते आपल्याकडं बघत नसत, दगडाकडं बघत. आणि कुणी ट्राम चुकेल म्हणून धावू लागलं की म्हणत, "घाई कसली आहे?" त्यांना खरोखरच कळत नसे, घाई कसली आहे ते.

रविवारी ते मला बरोबर नेत. मी सरकारी कचेरीतला कारकून. डोंगराशी माझा संबंध देवीच्या पायऱ्यांपुरता. पण सर मला बाणगंगेच्या मागं ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरवत आणि मलबार हिलकडं पाठ फिरवून समुद्राकडं तोंड करायला लावत.

"डोंगर दिसतो का?"

"तो तर पाठीमागं आहे."

"पाठीमागं आहे ते टोक. डोंगर पुढं होता."

पुढं पाणी होतं. सर पायाखालचा खडक दाखवत. खडकाचे थर सपाट नव्हते, समुद्राकडं उतरत गेलेले होते. ते म्हणत, जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या, त्यांतून तापलेला रस बाहेर आला आणि पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर. सह्याद्री त्याचाच आणि ही मुंबईही त्याचीच. मग इकडची सगळी बाजू पश्चिमेकडं कलली आणि पुढचा डोंगर पाण्याखाली गेला. जे बुडायचं राहिलं, त्यावर आता बंगले आहेत.

"म्हणजे आपण कललेल्या डोंगरावर राहतो?" मी विचारलं.

"हो. पण काळजी करू नका. तो कलला ते तसं अलीकडचंच असलं, तरी आपल्याआधीचं आहे."

वरळीची टेकडी त्यांना सगळ्यांत प्रिय होती. तिच्यात वर काळा कठीण बसाल्ट आणि त्याच्या पोटात पाटीसारखा सुटणारा मऊ काळा थर. एक लाव्हा येऊन थंड झाला आणि दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळात तिथं गोड्या पाण्याचं तळं साचलं होतं, असं सर सांगत. तळ्यात बेडूक होते. "मधली सुट्टी झाली," ते म्हणत. "तेवढ्यात बेडूक खेळून घेत होते. मग घंटा झाली." घंटा म्हणजे दुसरा लाव्हा. त्या थरात बेडकांची हाडं दगड होऊन राहिली होती. फार पूर्वी खोदकामात ती सापडली होती, पुस्तकात चित्रं होती. पण सरांना स्वतःच्या हातानं एक शोधायचा होता. टेकडीच्या पायथ्याशी कुठंही पाया खणायला सुरुवात झाली की सर तिथं हजर असत. कामगार त्यांना ओळखत. "आले बेडूकवाले," म्हणत, आणि काळ्या पाट्यांचा ढीग त्यांच्यासाठी बाजूला टाकून ठेवत. वर्षानुवर्षं ते त्या पाट्या फोडत होते. कधी शिंपला निघे, कधी काडीसारखं काहीतरी. बेडूक निघत नसे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि चाळीचा चेहराच बदलला. जिन्यात, नळावर, वाण्याच्या दुकानात दुसरा विषय नाही. मोर्चे निघत, हरताळ पडत, गोळीबाराच्या बातम्या येत आणि त्या बातम्यांत ओळखीची नावं असत. मी सरकारी नोकर, त्यामुळं खिडकीतून घोषणा देणाऱ्यांतला. सर घोषणा देत नसत. कुणी विचारलं, "सर, तुमचं मत काय?" तर म्हणत, "मुंबई महाराष्ट्रातच हवी." पण ते पोहे पाठवल्याबद्दल आभार मानण्याच्याच आवाजात म्हणत, त्यामुळं विचारणाऱ्याचं समाधान होत नसे.

एका हरताळाच्या दिवशी सर सकाळीच वरळीला चालत गेले. बायको म्हणाली, "आज नका जाऊ. सगळं बंद आहे."

"म्हणूनच. आज खणणारे नाहीत, शांतपणे बघता येईल."

ते परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुगभाट गल्लीत राहणारा एक हवालदार ड्यूटीवरून घरी जाता जाता निरोप देऊन गेला. तुमचे शेजारी लालबागकडच्या चौकीत आहेत, दगडफेकीत सापडले. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी चपला घातल्या.

झालं होतं ते असं. परत येताना वरळी नाक्यावर रस्ता अडवलेला होता म्हणून सर डिलाइल रोडनं लालबागकडं वळले. तिथं नुकतीच दगडफेक होऊन गेली होती. लोक गल्ल्यांत पळाले होते. मोकळ्या रस्त्यावर फक्त पोलीस आणि खांद्याला दगडांची पिशवी लावून, हातात हातोडा घेऊन संथपणे चालत येणारे आमचे सर. पळणं त्यांना कधी जमलं नाही. घाई कसली होती?

चौकीतले इन्स्पेक्टर मराठीच होते, माझ्याच वयाचे. दोन रात्री झोप झालेली नसावी. टेबलावर सरांची पिशवी रिकामी केलेली होती आणि सर समोरच्या बाकावर बसून आपले दगड बघत होते.

"हे तुमचे कोण?" इन्स्पेक्टरांनी मला विचारलं.

"शेजारी."

"हे म्हणतात, हे दगड ते अभ्यासासाठी घेतात. खरं का?"

"खरं आहे साहेब. घरी पुष्कळ आहेत."

हे बोलायला नको होतं, असं मला लगेच वाटलं. पण इन्स्पेक्टर भले होते. ते सरांना म्हणाले, "काल शेकडो लोक दगड मारत होते. माझ्या माणसाचं डोकं फुटलं. मारणारा एक सापडला नाही, सापडलात तुम्ही. मलाही दिसतंय तुम्ही त्यातले नाही. हे दगड माझे नव्हेत म्हणा आणि घरी जा."

"पण ते माझेच आहेत," सर म्हणाले.

"प्रोफेसर, मी तुम्हाला सोडतोय."

"हो. पण मग ते कुणाचे?"

"रस्त्यावरचे!"

"रस्त्यावरचे नाहीत. वरळीचे आहेत."

इन्स्पेक्टरांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. तेव्हा सरांना वाटलं असावं की या माणसाला नीट समजावून सांगितलं तर कळेल. त्यांनी ढिगातून एक काळी पाटी उचलली आणि टेबलावर उजेडात ठेवली. मीही वाकून बघितलं. काळ्या दगडावर काळ्याच हाडांची बारीक नक्षी होती. अंगठ्याच्या नखात मावेल एवढी. मागचे दोन पाय दुमडलेले, आता उडी मारणार असे. सरांना बेडूक सापडला होता. काल, हरताळाच्या दिवशी, शांतपणे.

"हा काय प्रकार?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"बेडूक."

"मेलेला?"

"हो."

"कधी मेला?"

मी डोळे मिटले.

"तसा अलीकडेच," सर म्हणाले.

इन्स्पेक्टर उठून उभे राहिले. आपली चेष्टा चालली आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं. "न्या यांना आत," ते म्हणाले. दगड मागच्या अंगणात, जप्त केलेल्या दगडांच्या ढिगावर टाकले गेले. पाटी टाकणाऱ्या शिपायाला सर एवढंच म्हणाले, "जरा हळू." त्यानं टाकली ती हळूच टाकली, हे मी स्वतः पाहिलं. पण त्यावर पुढं इतर दगड पडले.

सरांना काही आठवड्यांची शिक्षा झाली. तुरुंगातली हकीकत मला तातूनं सांगितली. तातू लालबागच्या गिरणीतला सांचेवाला, म्हणजे यंत्रावरचा कामगार, मालवणकडचा, आवाजानं आणि अंगानं दांडगा. तो घोषणा देताना पकडला गेला होता आणि सरांच्याच बराकीत होता.

"आमी इचारलंव, तुमी काय केलास? म्हणाले, दगड. आमका वाटला, प्रोफेसर आसान दगड मारल्यानी, म्हणजे माणूस जबरदस्त! मगे ते सांगूक लागले, मी मारूक नाय, मी गोळा केलंय. आमी म्हटला, होय होय सर, आमीय गोळाच केलेले."

बराकीत वेळ जात नसे. गिरणी कामगार होते, कचेऱ्यांतले कारकून होते, कॉलेजची मुलं होती. भजनं झाली, घोषणा झाल्या, भांडणंही झाली. मग कुणीतरी सरांना म्हणालं, तुम्ही काहीतरी सांगा. सरांनी लाव्हा सांगितला. घट्ट लाव्हा असेल तर जागच्या जागी उंच शंकू होतो, पातळ असेल तर लांब लांब पसरतो आणि आपला लाव्हा पातळ होता, हे त्यांनी जेवणाच्या वेळी फरशीवर डाळ ओतून दाखवलं. तुरुंगातली डाळ बघून ते सगळ्यांना लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बराकींतले लोक अंगणात येऊन बसले. कॉलेजात सरांच्या तासाला मागचे बाक झोपलेले असत. इथं माणसं पुढची जागा धरायला धडपडत होती. तातू म्हणाला, "सर बोलूक लागले काय तुरुंगाची भिंत दिसा नाय. डोंगरच दिसा."

सुटून आल्यावर सर घरी येण्याआधी चौकीत गेले. अंगणातला ढीग नव्हता. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं म्हणून दगड खड्ड्यात घालून वर माती ओढली होती. इन्स्पेक्टरांनी त्यांना ओळखलं. ते जरा ओशाळले असावेत. त्यांनी शिपायाला कुदळ आणायला सांगितलं. सरांनी बराच वेळ उकरलं. मग कुदळ परत दिली.

"मिळाला का?" मी घरी विचारलं.

"नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एका बेडकासाठी ती रडेल असं मला वाटलं नव्हतं. सर तिला म्हणाले, "वहिनी, तो हरवलेला नाही. तो कुठं आहे ते मला माहीत आहे." आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. पाठवलेलं ताट तसंच परत आलं.

आता पुढची गोष्ट. तातूनं लालबागला, त्याच्या चाळीपुढच्या मोकळ्या जागेत सभा ठरवली. सत्याग्रहाला जाणाऱ्या तुकडीची नावंही तिथंच नोंदवायची होती. वक्ते बाहेरून येणार होते, पण आधी सर बोलणार. सरांनी मुंबई आणि सह्याद्री एकाच रसातून झाले आहेत असं शास्त्र म्हणून सांगायचं, म्हणजे मुंबई महाराष्ट्राची हे दगडात कोरल्यासारखं होईल, अशी त्याची कल्पना. मी मागं उभा होतो; डोक्यावर टोपी पुढं ओढून, कुणी कचेरीतलं बघू नये म्हणून. माणसं खूप होती. गिरणीची पाळी सुटून आलेले कामगार, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, जिन्याजिन्यांत उभी माणसं.

अध्यक्षांनी सरांना हार घातला आणि सांगितलं, "ज्यांनी आपल्या हातांनी दगड उचलला आणि त्यासाठी तुरुंग भोगला, असे हे प्राध्यापक."

सर उभे राहिले. "मी दगड मारला नाही," त्यांनी सुरुवात केली. "मी चुकून तुरुंगात गेलो. हार ज्यांनी ठरवून शिक्षा भोगली त्यांना द्यावा." त्यांनी हार काढून तातूच्या गळ्यात घातला. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

मग त्यांनी डोंगर सांगितला. त्याच सुरात, हातवारे न करता. भेगा, रस, थरावर थर, मधली सुट्टी, कलणं. परळची भोईवाड्याची टेकडी, शिवडी, वरळी, मलबार हिल, सगळ्या टेकड्यांची नावं घेतली. आपण रोज ज्या चढावर दमतो तो चढ म्हणजे काय, हे त्या लोकांना बहुतेक पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. सभा इतकी शांत होती की कुठल्या तरी खोलीतलं शिलाईचं मशीन ऐकू येत होतं. "तेव्हा मुंबईचा दगड आणि सह्याद्रीचा दगड एकच," सर म्हणाले, आणि सभा उसळली. घोषणांनी पाच मिनिटं काही ऐकू येईना. तातू स्टेजवर नाचायचाच काय तो बाकी होता.

सर घोषणा संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तोच दगड काठेवाडातही आहे."

कुणाला नीट कळलं नाही. सरांनी पुन्हा सांगितलं. "हाच लाव्हा तिकडंही पसरला. राजकोटला आहे, जुनागडच्या बाजूला आहे. तिकडं माळव्यातही आहे."

आता कळलं. "खाली बसवा त्याला!" कुणीतरी ओरडलं. "कुणी पाठवलाय हा?" अध्यक्ष सरांचा सदरा ओढू लागले. आणि मागून एक दगड आला. सरांच्या कपाळाला, डोळ्याच्या जरा वर लागला. रक्त आलं. बायका किंचाळल्या. मी पुढं घुसायला लागलो, पण गर्दीतून वाट मिळेना. तातूनं बाह्या सारल्या आणि मारणाऱ्याला शोधायला स्टेजवरून उडी टाकली.

सर वाकले. त्यांनी तो दगड उचलला, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, चाटला.

"खडीचा आहे," ते माइकवर म्हणाले. "बसाल्टच. म्हणजे आपलाच."

आधी पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसली. मग तिच्या भोवतीचे. मग हसू मागं मागं पसरत गेलं. सर हसत नव्हते; कपाळावर रुमाल धरून हसू ओसरायची वाट बघत होते.

"राजकोटला आपला दगड आहे म्हणून आपण राजकोट मागतो का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग मुंबईही दगडासाठी मागू नये. दगड इथं आला तेव्हा कुणीच नव्हतं. त्याला साक्षीला बोलावू नका, तो खरं सांगेल आणि पंचाईत होईल. इथं तुम्ही राहता, राबता, तुमची माणसं इथं गोळीनं मेली. तेवढं कारण पुरे आहे."

मग अध्यक्षांकडं वळून, माइक तोंडाशी असल्याचं विसरून, ते म्हणाले, "ती सत्याग्रहींची तुकडी जाणार आहे ना, तिच्यात माझं नाव घाला. मागच्या वेळी मी चुकून गेलो होतो."

हे सगळ्या सभेला ऐकू गेलं. टाळ्या पडल्या नाहीत. तातू अर्ध्या वाटेवरून परतला, स्टेजपाशी येऊन उभा राहिला आणि त्यानं नुसता हात वर केला. "माझाय नाव घाला," म्हणाला.

सत्याग्रहाला निघायच्या दिवशी बायकोनं सरांना ओवाळलं. मग तिनं त्यांची पिशवी उलटी करून बघितली. "दगड नाहीत ना?"

"नाहीत."

"खिसे दाखवा."

एका खिशात एक निघाला. तिनं तो काढून घेतला. सर निमूटपणे जिना उतरले.

या वेळी शिक्षा मोठी झाली. ते परत आले तेव्हा बारीक झाले होते आणि कॉलेजनं त्यांना बोलावून घेतलं होतं. पहिल्या तुरुंगवासाकडं कॉलेजनं कानाडोळा केला होता. गैरसमज होता म्हणे. या वेळी मात्र, चूक झाली असं लिहून द्या, असं सांगण्यात आलं. सर म्हणाले, "पहिल्या वेळची देतो लिहून. ती खरंच चूक होती. दुसऱ्या वेळची नव्हती." नोकरी गेली. आम्हाला हे त्यांनी, स्टोव्हची पिन आहे का, हे विचारता विचारता सांगितलं.

काही महिने त्यांनी शिकवण्या शोधल्या. भूगर्भशास्त्राची शिकवणी कोण ठेवणार? शेवटी देवगडजवळच्या त्यांच्याच गावच्या शाळेत जागा निघाली. भाऊच्या धक्क्यावर तातू आणि मी पोचवायला गेलो. बोट सुटली तेव्हा कठड्याशी उभे असलेले सगळे उतारू आपापल्या माणसांना हात करत होते. सरांनीही हात वर केला. आम्ही जोरजोरात हात हलवले. मग लक्षात आलं, ते शेजारच्या उतारूला आमच्या डोक्यावरून मागची माझगावची टेकडी दाखवत होते.

पुढं महाराष्ट्र झाला. त्या दिवशी चाळीत रोषणाई होती, तातू लालबागहून पेढे घेऊन आला, आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मुलांच्या सुट्टीत तो गावी गेला तेव्हा सरांसाठी पेढ्यांचा पुडा घेऊन गेला. परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"पेढो खाल्ल्यानी. गोड मानून घेतल्यानी. मगे इचारल्यानी, गुजरातचाय राज्य त्याच दिवशी झाला मा? तेंका पेढे कोणी दिल्यानी?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणतलंय? आणखी एक पेढो तेंच्या हातार ठेवलंय."

गावात सर मुलांना सड्यावर, म्हणजे गावावरच्या खडकाळ पठारावर, घेऊन जात. तिथं काळा दगड नाही, तांबडा जांभा. सर मुलांना सांगत, हा बसाल्टच आहे, फक्त ऊनपावसानं म्हातारा झालेला. मुलं जांभ्याला आजोबा म्हणू लागली, असं तातू सांगत होता. एका पावसाळ्यात, बोटी बंद असताना, सर तापानं गेले. आम्हाला कळलं ते दिवाळीच्या तोंडावर. बायकोनं ऐकलं, आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "त्यांना तिथं जेवायला कोण घालत होतं, ते विचारलं का कुणी?" आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तातू काही न सांगता सकाळीच आला. आम्ही दोघं चालत बाणगंगेच्या मागं गेलो. ओहोटी होती. खडक उघडे पडले होते, शेवाळानं हिरवे, एका बाजूनं पाण्यात उतरत गेलेले. आम्ही बसलो. तातूनं विडी पेटवली. इथं जे सांगायचं ते सर सांगत.

वरच्या वाटेनं एक नवराबायको खाली आले. नवीन लग्न झालेलं असावं. तिच्या चपला हातात होत्या. आम्ही दोघं इतका वेळ एकीकडं बघत बसलेले पाहून त्यानं विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे हो?"

"डोंगर," तातू म्हणाला.

त्यानं समुद्राकडं बघितलं, मग आमच्याकडं. "कुठं?"

"तुमी उभे आसात, तोच."

दोघांनी पायांखाली बघितलं. तातूनं विडी विझवली आणि सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.